विश्लेषण : थंडीत ‘फायटर’ मासा का दगावतो? छोट्या टँकला हीटर कसा आणि किती वॅटचा लावावा?

डिसेंबर-जानेवारीत पुणे, नाशिक, नागपूरचा पारा दहा अंशांच्या आसपास उतरला की बातम्या निफाडच्या द्राक्षबागांच्या आणि शेकोट्यांच्या होतात. त्याच रात्री अनेक घरांत टीव्हीशेजारच्या काचेच्या बाऊलमध्ये एक छोटा रंगीत मासा तळाला जाऊन बसतो, पंख मिटून घेतो, खाणे सोडतो आणि काही दिवसांत मरतो. दुकानदार ज्याला ‘फायटर’ म्हणून विकतात तो हा बेट्टा मासा. ‘याला हवा लागत नाही, फिल्टर लागत नाही, कशातही जगतो’ हे वाक्य ऐकूनच तो बहुतेक घरांत आलेला असतो. त्यामुळे तो मेला की दोष नशिबाला नाहीतर मुलांनी जास्त घातलेल्या दाण्यांना दिला जातो आणि पुढच्या रविवारी नवा मासा आणला जातो. प्रत्यक्षात बाऊलमधले पाणी रात्री किती थंड झाले होते आणि त्यात अमोनिया किती साचला होता, हे कोणी पाहिलेलेच नसते. या दोन्हींवर उपाय आहेत. ते फार महाग नाहीत, पण मासा आणण्याच्या आधी करावे लागतात.

‘कशातही जगतो’ हा समज आला कुठून?

बेट्टा मूळचा थायलंडचा. तिथे त्याला ‘प्ला कट’, म्हणजे चावणारा मासा म्हणतात. नर एकमेकांना पाहताच कल्ले फुगवून भिडतात, म्हणून त्यांच्या झुंजी लावण्याची तिथे जुनी परंपरा आहे. ‘बेट्टा स्प्लेंडेन्स’ हे शास्त्रीय नाव १९१० मध्ये मत्स्यशास्त्रज्ञ चार्ल्स टेट रेगन यांनी दिले आणि २०१९ मध्ये थायलंडने त्याला राष्ट्रीय जलचर म्हणून मान्यता दिली. जगभरच्या टँकमध्ये तो भरपूर असला तरी जंगलातला मूळ बेट्टा ‘आययूसीएन’च्या यादीत ‘असुरक्षित’ गटात आहे.

हा मासा भाताची खाचरे, दलदल, गवताळ डबकी अशा उथळ आणि जवळपास साचलेल्या पाण्यात राहतो. अशा पाण्यात ऑक्सिजन कमी असतो. त्यासाठी त्याच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर ‘लॅबिरिंथ’ नावाचा जास्तीचा अवयव असतो. तो पृष्ठभागावर येऊन थेट हवेचा घोट घेतो आणि त्यातून ऑक्सिजन शोषतो. दुकानात प्लॅस्टिकच्या ग्लासात किंवा जामच्या बाटलीत तो दिवसेंदिवस जिवंत दिसतो तो यामुळेच. इतर मासे त्या बाटलीत गुदमरून मेले असते.

पण श्वास घेता येणे म्हणजे बाकी सगळे सोसता येणे नव्हे. भाताचे खाचर उथळ असले तरी लहान नसते. त्यात शेकडो लिटर पाणी असते, वनस्पती असतात, घाण पचवणारे जिवाणू असतात आणि वर उष्ण कटिबंधातला सूर्य असतो. दोन लिटरच्या बाऊलमध्ये यातले काहीच नाही. बेट्टाला मानवणारे पाणी साधारण २५ ते २८ अंश सेल्सिअसचे. पुण्यातल्या एखाद्या उत्तराभिमुख खोलीत जानेवारीच्या पहाटे बाऊलमधले पाणी १७-१८ अंशांवर जाणे अवघड नाही.

पाणी थंड झाल्याने माशाला नेमके काय होते?

मासा स्वतःचे शरीर गरम ठेवू शकत नाही; पाण्याचे तापमान हेच त्याचे तापमान. पाणी थंडावले की पचन मंदावते, हालचाल कमी होते आणि रोगप्रतिकारशक्तीही घटते. आदल्या दिवशी खाल्लेले पोटात तसेच राहते. सकाळी त्याला पुन्हा दाणे घातले जातात, तो ते सोडतो, ते तळाशी कुजतात. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आणणारा ‘इक’ हा परजीवी आजार बहुतेक वेळा तापमान घसरल्यानंतरच डोके वर काढतो.

नुसत्या थंडीपेक्षा चढउतार जास्त त्रासदायक असतात. दुपारी खिडकीतले ऊन आले की बाऊल २६ वर, पहाटे पुन्हा १८ वर. रोज आठ अंशांचा झोका. इथे पाण्याच्या आकारमानाचा साधा हिशेब कामाला येतो. वीस लिटरच्या टँकमध्ये दोन लिटरच्या बाऊलपेक्षा पाणी दहापट असते, पण त्याच घडणीच्या भांड्याचा बाहेरचा पृष्ठभाग मात्र सुमारे साडेचारपटच वाढतो. उष्णता साठते पाण्यात आणि निसटते पृष्ठभागातून. म्हणून मोठा टँक बाऊलच्या निम्म्याहून कमी वेगाने थंड होतो.

त्यात झाकण नसेल तर माठाचे तत्त्व लागू होते. माठातले पाणी बाष्पीभवनाने गार होते, तसेच उघड्या टँकचेही. वीस लिटरमधले जेमतेम १०० मिलिलिटर पाणी उडून गेले, तर त्यासोबत उरलेले पाणी जवळपास तीन अंशांनी थंड करण्याएवढी उष्णता जाते. एका रात्रीत तेवढे उडेलच असे नाही, पण वर पंखा फिरत असेल आणि हवा कोरडी असेल तर वेग वाढतो. साधे काचेचे झाकण हा त्यामुळे हीटरइतकाच महत्त्वाचा भाग आहे. बेट्टा उडी मारणारा मासा आहे, हे झाकण ठेवण्याचे दुसरे कारण. फक्त झाकण आणि पाणी यात दोन-तीन सेंटिमीटर हवा राहू द्यावी, नाहीतर त्याला श्वास घ्यायला जागाच उरत नाही.

मग टँक केवढा घ्यावा?

एका बेट्टासाठी १५ ते २० लिटर हे सोयीचे माप. यापेक्षा लहान टँकमध्ये हीटर बसवता येतो, पण तापमान आणि घाण दोन्ही पटापट बदलतात आणि रोज लक्ष ठेवावे लागते. नवशिक्याला लहान टँक सोपा वाटतो. खरे तर तोच जास्त कटकटीचा.

उंच, निमुळत्या शोभेच्या टँकपेक्षा आडवा आणि कमी उंचीचा टँक बरा. लांब पंखांच्या हाफमून, क्राउनटेल अशा जातींना दर थोड्या वेळाने हवेसाठी वर यावे लागते आणि जड पंख ओढत तेवढे अंतर पोहणे थकवणारे असते. वीस लिटरचा भरलेला टँक काच-वाळू धरून २५ किलोच्या आसपास जातो, तेव्हा तो भिंतीवरच्या लटकत्या फळीवर ठेवू नये. थेट उन्हाची खिडकी, एसीचा झोत आणि फ्रिजचा वरचा भाग या तिन्ही जागा टाळाव्यात.

हीटर किती वॅटचा?

दुकानात याचे उत्तर अनेकदा ‘मोठाच घ्या साहेब, लवकर गरम होईल’ असे मिळते. ते चुकीचे आणि प्रसंगी माशाच्या जिवावर बेतणारे आहे.

एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला सुमारे ४,१८६ ज्यूल उष्णता लागते. वीस लिटरला ती ८४ हजार ज्यूलच्या जवळ जाते. ५० वॅटचा हीटर सेकंदाला ५० ज्यूल देतो, म्हणजे एका अंशासाठी साधारण २८ मिनिटे. पण टँक तापत असताना उष्णता गमावतही असतो. झाकण असलेला वीस लिटरचा काचेचा टँक ढोबळमानाने खोली आणि पाणी यांच्यातल्या प्रत्येक अंश फरकामागे तीन वॅटच्या आसपास उष्णता सोडतो. खोली १८ अंशांवर आणि पाणी २६ वर ठेवायचे असेल तर फरक आठ अंशांचा. केवळ ते टिकवायलाच सतत २५ वॅट हवेत. इथे २५ वॅटचा हीटर अखंड चालू राहील आणि कसाबसा पुरेल, थंडी आणखी वाढली की पुरणारही नाही. ५० वॅटचा मात्र निम्मा वेळ चालेल, निम्मा वेळ बंद राहील. थंड पाण्यापासून सुरुवात केली तर २६ अंश गाठायला त्याला पाच-एक तास लागतील. ही घाई करण्याची गोष्ट नाहीच.

म्हणून पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, नागपूर या पट्ट्यात वीस लिटरला ५० वॅट योग्य. मुंबई, कोकण, गोव्यात हिवाळ्यातही खोली सहसा २२-२४ अंशांच्या खाली जात नाही; तिथे २५ वॅट पुरतो आणि वर्षातले बरेच महिने तोही बंदच राहतो.

मोठा हीटर का नको, याचे उत्तर थर्मोस्टॅटमध्ये आहे. ठरलेले तापमान आले की आतला संपर्क तुटतो आणि हीटर बंद होतो. स्वस्त हीटरमध्ये ही धातूची पट्टी वर्षानुवर्षे ठिणग्या खाऊन कधीतरी चिकटते आणि मग हीटर बंद होतच नाही. अशा वेळी २०० वॅटचा हीटर वीस लिटर पाणी २६ वरून ३६ अंशांवर सुमारे दीड तासात नेतो. घरातले सगळे झोपलेले असताना मासा शिजतो म्हटले तरी चालेल. ५० वॅटचा चिकटला तर त्याच खोलीत सकाळपर्यंत पाणी ३१-३२ अंशांपर्यंत जाईल. मासा अस्वस्थ असेल, पण बहुधा जिवंत असेल आणि थर्मामीटर पाहून कोणीतरी प्लग काढू शकेल. कमी वॅट हा असा फुकटातला विमा आहे.

विजेच्या बिलाची भीतीही मोठी नाही. ५० वॅटचा हीटर दिवसभरात एकूण दहा तास चालू राहिला तर अर्धा युनिट होतो, महिन्याला १५ युनिट.

हीटर घेताना तापमान बदलता येणारा घ्यावा. पाण्यात पूर्ण बुडणारा आहे का, काचेवर ‘किमान पाणीपातळी’ची खूण कुठे आहे, हे पाहावे. तो टँकच्या तळाजवळ आडवा किंवा तिरका, फिल्टरच्या बुडबुड्यांशेजारी बसवावा. पाणी फिरत नसेल तर गरम थर वरच राहतो आणि थर्मोस्टॅटला चुकीचे तापमान कळते.

हीटरच्या डायलवरचा आकडा प्रत्यक्ष पाण्याशी जुळेलच असे नाही, त्यामुळे वेगळा थर्मामीटर हवाच. तो हीटरपासून लांबच्या कोपऱ्यात लावावा. ताप मोजायचा थर्मामीटर इथे चालत नाही, कारण तो साधारण ३५ अंशांपासून सुरू होतो. आणि हात बुडवून अंदाज घेणे तर पूर्ण फसवे. आपली त्वचा ३२-३३ अंशांची असते, त्यामुळे २६ अंशांचे पाणी हाताला गारच लागते. ‘हीटर चालत नाही’ म्हणून डायल वाढवत नेणारे अनेकजण इथेच चुकतात.

पाणी आणि वीज शेजारी, धोका किती?

२३० व्होल्टची वायर पाण्यात सोडलेली आहे, हे विसरू नये. टँकमध्ये हात घालण्याआधी, पाणी बदलण्याआधी हीटरचा प्लग काढायचा; नुसते बटण बंद करून भागत नाही. प्लग काढल्यावरही हीटर १५-२० मिनिटे पाण्यातच राहू द्यावा. गरम काचेची नळी एकदम हवेत आली किंवा तिच्यावर थंड पाणी पडले तर तडकते आणि तडकलेला हीटर पाण्यात करंट सोडू शकतो. तडा दिसलेला हीटर चिकटपट्टी लावून वापरण्याचा जुगाड कोणीही करू नये.

सॉकेट टँकच्या खाली असेल तर वायर आधी सॉकेटच्याही खाली झोकावी आणि मग वर प्लगमध्ये न्यावी. वायरवरून ओघळणारे थेंब त्या झोक्याच्या तळाशी टपकतात, प्लगपर्यंत पोहोचत नाहीत. एक्स्टेंशन बोर्ड टँकखाली जमिनीवर ठेवू नये. घराच्या मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे का, हे या निमित्ताने इलेक्ट्रिशियनला विचारून घ्यावे. एमसीबी वेगळा, तो वायर वाचवतो, माणसाला लागणारा शॉक ओळखत नाही. एअर पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवावा किंवा नळीत वन-वे व्हॉल्व्ह लावावा, नाहीतर वीज गेल्यावर पाणी उलटे नळीतून पंपात उतरते.

हीटर लावूनही मासा मेला, असे का होते?

कारण उबदार पाणी ही अर्धीच गोष्ट आहे. उरलेली अर्धी डोळ्यांना दिसत नाही.

मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडतो. उरलेले दाणे आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच होतो. तो कल्ले जाळतो. मुरलेल्या टँकमध्ये जिवाणूंचा एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो आणि दुसरा गट नायट्राइटचे नायट्रेट. नायट्राइटही विषारी, नायट्रेट मात्र बऱ्याच प्रमाणात सोसता येतो आणि आठवड्याच्या पाणीबदलात निघून जातो. हे दुसरे काम ‘नायट्रोबॅक्टर’ करतात असे पूर्वी मानले जाई. १९९८ मध्ये टिमोथी होव्हानेक आणि सहकाऱ्यांनी गोड्या पाण्याच्या टँकमध्ये ते प्रामुख्याने ‘नायट्रोस्पायरा’ गटाचे जिवाणू करतात असे दाखवले. बाजारात बाटलीतले जिवाणू घेताना लेबलवर काय लिहिले आहे, हे म्हणूनच पाहण्यासारखे असते.

नव्या टँकमध्ये हे जिवाणू जवळपास नसतातच. ते पाण्यात तरंगत नाहीत. फिल्टरच्या स्पंजवर, वाळूवर, काचेवर थर करून राहतात आणि हळूहळू वाढतात. चार ते सहा आठवडे लागतात. शनिवारी टँक आणि रविवारी मासा, या क्रमात मासा नेमका अमोनियाच्या चढत्या आलेखात सोडला जातो. दुकानातून आणलेला तजेलदार मासा दहा-बारा दिवसांनी मलूल होण्याचे सगळ्यात नेहमीचे कारण हेच.

उपाय सोपा आहे, फक्त वेळखाऊ. टँक भरावा, स्पंज फिल्टर आणि हीटर पहिल्याच दिवसापासून सुरू करावा. थंड पाण्यात हे जिवाणू मंदावतात, त्यामुळे मासा नसतानाही हीटर फुकट चाललेला नसतो. रोज चिमूटभर माशांचे खाद्य टाकावे. ते कुजून अमोनिया होईल आणि जिवाणूंना अन्न मिळेल. थेंबांच्या टेस्ट किटने अमोनिया आणि नायट्राइट दर दोन-तीन दिवसांनी तपासावे. आधी अमोनिया चढेल, मग तो उतरून नायट्राइट चढेल, शेवटी दोन्ही शून्यावर येऊन फक्त नायट्रेट दिसेल. तो दिवस मासा आणण्याचा. ओळखीत कोणाचा जुना, निरोगी टँक असेल तर त्यांच्या फिल्टरचा वापरलेला स्पंजचा तुकडा ओलाच आणून आपल्या फिल्टरला बांधावा. मग हा काळ बराच कमी होतो. विरजण लावण्यासारखेच आहे हे. आणि विरजणासारखेच ते बिघडतेही : स्पंज नळाखाली खळखळून धुतला की क्लोरिनने सगळे जिवाणू मरतात. स्पंज धुवायचा तो टँकमधून काढलेल्या पाण्यात, दोनदा पिळून.

पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, इथे अनपेक्षित भूमिका बजावतो. अमोनियाचा जो भाग खरा विषारी, तो पीएच सातवरून आठवर गेला की सुमारे नऊ-दहापट वाढतो. अनेक सोसायट्यांत बोअरवेलचे जड पाणी येते आणि त्याचा पीएच चढा असतो. त्यात कोकणातून आणलेले शंख-शिंपले सजावटीला टाकले, तर ते विरघळून पीएच आणखी वर ठेवतात. ते शोकेसमध्येच शोभतात. दुसऱ्या टोकाला काहीजण ‘शुद्ध’ म्हणून निव्वळ आरओचे पाणी भरतात. त्यात क्षार जवळपास उरत नाहीत, पीएच स्थिर राहत नाही आणि जिवाणूंचेही भागत नाही. नेहमीचे नळाचे पाणी क्लोरिन काढून वापरणे, हाच बहुतेक घरांसाठी मधला मार्ग.

नळाचे पाणी थेट चालते का?

नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार नळाच्या पाण्यात किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर क्लोरिन शिल्लक असणे अपेक्षित आहे. माणसाला ते उपयोगी, कल्ल्यांना आणि फिल्टरमधल्या जिवाणूंना घातक. पाणी उघड्या बादलीत २४ तास ठेवले की क्लोरिन बहुतांशी उडून जातो. घाई असेल तर दुकानात ‘अँटी-क्लोरिन’ नावाने मिळणारे थेंब घालावेत. त्यात बहुतेकदा सोडियम थायोसल्फेट असते.

दर आठवड्याला पाव टँकपेक्षा थोडे कमी पाणी बदलणे पुरते. थंडीत गच्चीवरच्या टाकीतून सकाळी येणारे पाणी १७ अंशांचे असेल आणि टँकमधल्या २६ अंशांच्या १६ लिटरमध्ये ते चार लिटर ओतले, तर पाणी लगेच २४ च्या जवळ उतरते. निम्मा टँक बदलला तर साडेएकवीसवर. ‘पाणी बदलले की मासा आजारी पडतो’ ही तक्रार बहुतेक इथून येते. मुरवलेल्या पाण्यात पातेल्यात तापवलेले थोडे पाणी मिसळावे, थर्मामीटरने दोन्हीकडचा आकडा जुळवावा आणि मगच ओतावे.

टँकमध्ये आणखी काय असावे?

प्रवाह मंद हवा. जोरदार फिल्टर लांब पंखांच्या माशाला दिवसभर ढकलत राहतो. टोकदार प्लॅस्टिकची झाडे पंख फाडतात. अनुबियास, जावा फर्न, जावा मॉस या वनस्पती कमी उजेडातही टिकतात आणि नायट्रेटही थोडा वापरतात.

एक गोष्ट फुकट मिळते. थायलंडमधले बेट्टा पैदासकार पाण्यात बदामाचे वाळलेले पान टाकतात. ऑनलाइन ‘कटप्पा लीफ’ म्हणून ते पाकिटात विकले जाते. हे झाड म्हणजे आपल्याकडे सोसायट्यांच्या आवारात आणि रस्त्याकडेला लाल पाने गाळणारा देशी बदामच. आपोआप गळलेले, पूर्ण तपकिरी, फवारणी न झालेले एक पान धुऊन टाकावे. पाणी फिकट चहासारखे होते, त्यातल्या टॅनिनमुळे किंचित आम्लधर्मी होते आणि मासा त्याच्या आडोशालाही बसतो. पाणी रंगले म्हणून घाबरून पूर्ण टँक उपसण्याची गरज नाही.

एका टँकमध्ये एकच बेट्टा. दोन नर एकत्र ठेवले तर एक तरी मरतो किंवा दोघे जखमी होतात. मधे काच घालून दोघांना दिवसभर समोरासमोर ठेवणे हाही छळच. आरसा दाखवून पंख फुलवायला लावण्याचा खेळ एखाद-दोन मिनिटांपुरता.

मासा आणल्यावर पिशवी १५-२० मिनिटे टँकमध्ये तरंगत ठेवावी, मग तीत टँकचे थोडे थोडे पाणी मिसळत जावे आणि शेवटी मासा जाळीने उचलून सोडावा. पिशवीतले पाणी टँकमध्ये ओतू नये. निवडताना रंगापेक्षा हालचाल पाहावी. बोट जवळ नेल्यावर वळून बघणारा, पंख न मिटलेला मासा घ्यावा, मग तो दुकानातला सगळ्यात साधा का असेना. खाण्याच्या बाबतीत हा मांसाहारी कीटकभक्षी मासा आहे. डासांच्या अळ्या हे त्याचे आवडते अन्न. भाताची शिते, पाव, बिस्किट घालू नये. बेट्टासाठीचे बारीक दाणे दिवसातून दोनदा, दर वेळी दोन-तीन. आठवड्यातून एक दिवस उपास चालतो.

आजारी दिसला तर? आधी तापमान आणि अमोनिया तपासावा, औषध नंतर. दुकानातून सर्रास दिले जाणारे निळे औषध, म्हणजे मिथिलिन ब्लू, थेट टँकमध्ये ओतले तर महिनाभर जपलेले जिवाणूही मरतात. द्यायचेच तर मासा वेगळ्या भांड्यात काढून, तेही तितक्याच उबदार पाण्यात. आणि मासा नकोसा झाला म्हणून विहिरीत, तलावात सोडू नये. परदेशी मासा तिथल्या पाण्यात मिसळणे स्थानिक माशांच्या मुळावर येऊ शकते.

वीज गेली तर? आणि उन्हाळ्यात?

देखभालीसाठी दिवसभर वीज बंद राहिली तरी घाबरण्याचे कारण नाही. बेट्टा वरून हवा घेत असल्याने एअर पंप थांबल्याने तो गुदमरत नाही. झाकण ठेवून टँकभोवती जाड चादर किंवा गोधडी गुंडाळली तर वीस लिटर पाणी हळूहळूच थंड होते. मासा त्या दिवशी उपाशी ठेवावा. उकळते पाणी थेट ओतणे सगळ्यात वाईट; त्याऐवजी कोमट पाण्याची बंद बाटली टँकमध्ये तरंगत सोडावी. वीज आल्यावर हीटर पाण्यात पूर्ण बुडालेला आहे ना, हे एकदा पाहून घ्यावे.

मार्चपासून प्रश्न उलटतो. विदर्भात खोलीचेच तापमान ३२-३५ अंशांवर जाते, तेव्हा हीटरचा प्लग काढलेलाच बरा, कारण याच दिवसांत चिकटलेला थर्मोस्टॅट सगळ्यात घातक ठरतो. या काळात माठाचे तत्त्व आपल्या बाजूने वापरता येते : काचेच्या झाकणाऐवजी जाळी ठेवून पाण्यावर छोटा पंखा सोडला की पाणी दोन-तीन अंशांनी उतरते. उडालेले पाणी रोज भरावे लागते. बर्फाचे खडे टाकू नयेत. हीटर काढून, कोरडा करून, वायर न मुडपता खोक्यात ठेवावा. दिवाळीनंतर तो बाहेर काढला की रबरी सक्शन कप कडक झालेले असतात. ते बदलावेत आणि मासा असलेल्या टँकमध्ये सोडण्याआधी एक दिवस बादलीभर पाण्यात लावून तो ठरलेल्या आकड्यावर खरोखर बंद होतो का, हे थर्मामीटरवर पाहावे.